साइटवरून मशीन चोरीला गेलं: आधी काय करायचं, आणि पुढं जाऊ नये म्हणून काय

प्रश्न असा आहे: इंदूरला निपानियाकडच्या एका नव्या मल्टीत (बहुमजली इमारतीत) फर्निचरचं काम चालू आहे. परवा दुपारी सगळे जेवायला खाली उतरले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून रोटरी हॅमर, ट्रिमर आणि दोन बॅटऱ्यांसकट कॉर्डलेस ड्रिल गेलं. दार उघडंच होतं. ठाण्यात साध्या कागदावर आवेदन (तक्रारीचा अर्ज) घेऊन परत पाठवलं. सामान परत मिळेल का, आणि आता मजबूत पेटी कोणती बनवून घ्यावी?

पेटीबद्दल खाली सविस्तर लिहितो, पण तुमची चोरी पेटीने थांबली नसती. जेवणाच्या वेळी पेटी उघडीच राहिली असती. आणि सामान परत मिळणं बऱ्याच अंशी एकाच गोष्टीवर ठरतं: समोर ठेवलेलं मशीन तुमचंच आहे हे तुम्ही पोलिसांना दाखवू शकता का. निळ्या किंवा हिरव्या रंगाची एकसारखी हजारो मशीनं शहरात आहेत. ज्यावर खूण नाही आणि ज्याचा नंबर लिहून ठेवलेला नाही, ते ठाण्याच्या मालखान्यात तुमच्या डोळ्यांसमोर असलं तरी हातात येत नाही.

आज सगळ्यात आधी सीसीटीव्ही. डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राची) डिस्क भरली की जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. छोट्या बसवणुकीत हे आठवड्या-दोन आठवड्यांतच होतं. बिल्डरच्या ऑफिसात जाऊन जेवणाच्या वेळेच्या एक तास आधीपासून संध्याकाळी मजूर सुटेपर्यंतचं रेकॉर्डिंग जपून ठेवायला लेखी सांगा. मुख्य गेट, लिफ्टची लॉबी, बेसमेंटचा रॅम्प आणि मलबा बाहेर काढायची जागा, हे चार कॅमेरे महत्त्वाचे. बघताना डीव्हीआरचं घड्याळ आणि तुमच्या मोबाईलवरची वेळ यांत किती फरक आहे ते लिहून घ्या; वीस-पंचवीस मिनिटांचा फरक नवीन नाही, आणि त्यावरून भलत्याच माणसावर संशय जातो. पेन ड्राइव्हवर घेतलेली प्रत तुमच्या माहितीपुरती. पुरावा म्हणून रेकॉर्डिंग पोलीसच घेतील, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रासह. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात रस्ता दिसत असेल तर दुकानदाराला नम्रपणे विचारा. तुम्हाला द्यायला तो बांधील नाही, पण पोलीस मागू शकतात. म्हणून त्या दुकानाचं नाव आवेदनात घाला.

बघताना हातात मशीन घेऊन जाणारा माणूस शोधू नका, तसं कुणी जात नाही. मशीन बाहेर पडतं ते मलब्याच्या गोणीतून, टाइल्सच्या खोक्यातून, पुट्टीच्या रिकाम्या बादलीतून. आणि कितीदा तरी ते लगेच बाहेर पडतच नाही. शाफ्टमध्ये, लिफ्टच्या खड्ड्यात, गच्चीवरच्या टाकीमागे किंवा पीओपीच्या पोत्यांखाली दडवून ठेवतात आणि काळोख पडल्यावर नेतात. म्हणूनच मशीन गेल्याचं कळल्याबरोबर आधी एक माणूस गेटवर उभा करायचा आणि दोघांनी वरपासून खालपर्यंत इमारत तपासायची. आता तो तास हुकला आहे, तरी एकदा शाफ्ट आणि गच्ची बघून घ्या.

मग एफआयआर. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 303 मध्ये चोरी आहे, आणि त्यात रकमेचा एक मुद्दा कारागिराने लक्षात ठेवलाच पाहिजे. गेलेल्या मालाची किंमत 5,000 रुपयांहून कमी असेल तर तो गुन्हा असंज्ञेय धरला जातो, म्हणजे पोलीस आपणहून तपास सुरू करत नाहीत. त्यामुळे घाईघाईत ‘ड्रिल मशीन गेलं’ एवढंच लिहून देऊ नका. गेलेल्या प्रत्येक वस्तूची ओळ वेगळी लिहा: मशीन, कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीची तारीख, बिलातली किंमत. बॅटरी, चार्जर, बिट्सचा सेट, केस, सगळं. खोटं वाढवू नका, पण खरं असलेलं काही सोडूही नका. तुमची तीन मशीनं मिळून रक्कम 5,000 च्या कितीतरी वर जाते, तेव्हा हा संज्ञेय गुन्हा आहे आणि एफआयआर नोंदवणं ठाण्याला बंधनकारक आहे. चोरी माल ठेवण्याच्या इमारतीतून झाली असेल तर कलम 305 लागू शकतं, त्यात शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. कोणतं कलम लावायचं ते पोलीस ठरवतील; तुम्ही फक्त सामान कुठे आणि कसं ठेवलं होतं ते नीट लिहा.

आवेदन हिंदीत, दोन प्रतींत, आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. एफआयआर झाल्यावर तिची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173). ऑनलाइनही खबर देता येते. तशी दिली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. मध्य प्रदेश पोलिसांच्या साइटवर अज्ञात चोराने केलेल्या साध्या चोरीसाठी ई-एफआयआरची सोय आहे. ठाण्याने टाळाटाळ केली तर त्याच कलमाप्रमाणे वरिष्ठांना लेखी कळवता येतं. इंदूरला डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा आपल्या झोनच्या डीसीपींच्या (पोलीस उपायुक्तांच्या) नावे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. भांडायची गरज नाही. यादी, बिलं आणि फोटो टेबलावर ठेवल्यावर बोलणं वेगळ्या सुरात होतं.

सिरियल नंबर लिहून ठेवलेला नाही, असं असेल तर धीर सोडू नका. खोका सापडतो का बघा, त्यावरच्या स्टिकरवर नंबर असतो. वॉरंटी कार्ड, कंपनीच्या साइटवर केलेली नोंदणी, सर्व्हिस सेंटरचं जुनं जॉब कार्ड, दुकानदाराची बिलाची कार्बन प्रत, आणि मोबाईलमधले साइटचे जुने फोटो मोठे करून. ऑनलाइन खरेदीच्या बिलावर मात्र पॉवर टूलचा सिरियल नंबर बहुतेक वेळा नसतो, फक्त मॉडेल असतं.

त्यानंतर बाजार. चोरलेलं मशीन नव्या मालाच्या दुकानात जात नाही. ते दुरुस्तीवाल्याकडे येतं, कारण चार्जर मागे राहिलेला असतो किंवा कार्बन (मोटरला वीज पोचवणारे, झिजणारे ब्रश) बदलून विकायचं असतं. सियागंज आणि महारानी रोडकडच्या ज्या दुरुस्तीवाल्यांना तुम्ही ओळखता, त्यांना फोटो आणि नंबर देऊन ठेवा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ईमेल करा. जुन्या वस्तूंच्या ॲपवर मॉडेलचं नाव टाकून शोधा. फक्त इंदूर नको; देवास, पिथमपूर, महू, उज्जैन हेही बघा. जाहिरात सापडली तर स्क्रीनशॉट घ्या, जाहिरातीची तारीख आणि विकणाऱ्याचं प्रोफाइल दिसेल असा, आणि तपास अधिकाऱ्याला द्या. गिऱ्हाईक बनून एकट्याने भेटायला जाऊ नका. आणि दुकानात आपलं मशीन दिसलं म्हणून पैसे टाकून सोडवून आणू नका. पैसे दिलेत की तुम्ही खरेदीदार ठरता, चोरी सिद्ध करणारा दुवा हातातून जातो आणि पुढचं मशीन चोरणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं.

सापडलेलं मशीन खटला संपेपर्यंत ठाण्यात गंजत राहील अशी भीती सगळ्यांना असते. तसं होण्याची गरज नाही. कोर्टात अर्ज करून ते सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, मिळतं. नागरिक सुरक्षा संहितेत त्यासाठी कलम 497 आणि 503 आहेत. जप्त माल ठाण्यात दीर्घकाळ पडून राहू नये, फोटो आणि पंचनामा करून तो मालकाला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. तिथेही पहिला प्रश्न मालकीचाच येतो: बिल आणि नंबर.

म्हणून आता खुणेचं काम, आणि हे उरलेल्या सगळ्या मशीनांवर याच आठवड्यात करा. मशीनवरचं सिरियल नंबराचं स्टिकर घाम, धूळ आणि थिनरने वर्षभरात वाचता येईनासं होतं, आणि चोर तर ते पहिल्याच दिवशी खरवडतो. मशीन नवं असतानाच त्या पट्टीचा फोटो घ्या, वर पारदर्शक टेप लावा, आणि सिरियलचे शेवटचे सहा आकडे बॉडीवर दुसऱ्या ठिकाणी कोरा. मग स्टिकर गेलं तरी बिल आणि मशीन यांचा संबंध तुटत नाही. दर्शनी बाजूला तुमचा मोबाईल नंबर कोरा. त्यामुळे मशीन विकणं अवघड होतं, आणि प्रामाणिक माणसाच्या हाती लागलं तर तो फोन करू शकतो. आधार नंबर कुठेही कोरू नका.

कोरायला कार्बाइड टोकाचा इलेक्ट्रिक एनग्रेव्हर घ्या. मशीनची पिन बोर्डातून काढा, बॉडी साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. थिनर लावू नका, काही मशीनांचं प्लास्टिक त्याने विरघळतं. आधी एखाद्या तुटक्या केसच्या तुकड्यावर हात बसवा. अक्षरं 5-6 मिमी उंच आणि खोली नखाला जाणवेल इतकीच, साधारण 0.3 मिमी. कोरल्यावर पांढरा इनॅमल पेंट भरून वरचा लगेच पुसायचा. खाचेत रंग राहतो आणि आकडे लांबून वाचता येतात. जागा निवडताना हवेच्या जाळ्या, बॉडीचा जोड, गिअरबॉक्सच्या पुढची बेअरिंगची बाजू आणि रबरी पकड टाळा. रबरावरची खूण सोलून निघते. सोल्डरिंग आयर्नने नाव डागण्याची पद्धत साइटवर फार दिसते, ती सोडा. ही मशीनं डबल इन्सुलेशनची असतात (पट्टीवर चौकोनात चौकोन असतो ती), त्यांना अर्थिंगची तार नसते आणि प्लास्टिकची बॉडी हेच करंटपासूनचं संरक्षण. तापलेलं टोक आरपार गेलं किंवा जोड वाकला की ते संरक्षण गेलं. बॅटरीवर तर कोरायचंही नाही आणि डागायचंही नाही, आत लिथियमचे सेल आहेत. तिथे फक्त पेंट मार्कर.

दुसरी खूण लपवून: कार्बनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, साइड हँडलच्या कड्याखाली किंवा केसच्या फोमखाली. ही कुठे आहे ते मदतनिसालाही सांगू नका. वॉरंटी चालू असताना बॉडीचे स्क्रू मात्र उघडू नका.

हातहत्यारांसाठी 3 मिमीचा नंबर पंच पुरे. पटाशीच्या धारेकडचा भाग कडक असतो, तिथे ठोकलं तर पंचाची कपची उडते, म्हणून मानेवर ठोका, आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. क्लॅम्पच्या पट्टीवर आणि पान्याच्या दांड्यावरही पंचच; रंध्याच्या लाकडी बाजूवर मात्र लोखंडी ठसा तापवून. रंगीत टेप गुंडाळणं ही खूण नव्हे. ती फक्त आपल्याच टोळीत कुणाचं हत्यार कुणाचं, एवढ्यापुरती.

हे सगळं एका वहीत आणि तिचा फोटो ईमेलवर. बिल थर्मल कागदाचं असेल तर त्यावरची छपाई हळूहळू पुसट होत जाते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा. प्रत्येक मशीनचे चार फोटो: पूर्ण मशीन, नंबराची पट्टी, कोरलेली खूण, आणि बिलाशेजारी ठेवलेलं मशीन.

आता वेळ. साइटवरची मशीनं कुलूप तोडून जातात त्याहून जास्त उघड्या दारातून जातात: सकाळी पोहे-चहाला उतरताना, जेवणाच्या तासात, माल उतरवायला सगळे खाली गेले असताना, आणि संध्याकाळी आवरताना, जेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने पेटीत टाकलं असेल. उपाय स्वस्त आहे. जेवणाच्या पाळ्या लावा, एक माणूस वर राहील. माणसं कमी असतील तर उतरण्याआधी कॉर्डलेस आणि छोटी मशीनं पेटीत आणि कुलूप. मोठ्या मशीनांच्या हँडलांतून लोखंडी दोरीचं केबल लॉक ओवून खिडकीच्या ग्रिलला. पेटीत प्रत्येक मशीनची जागा ठरलेली ठेवा, फोम कापून किंवा तळाला रंगाने आकार काढून. रिकामी जागा डोळ्यांना लगेच दिसते, मोजायला वेळ लागत नाही. संध्याकाळी कुलूप लावणारा एकच माणूस ठरवा आणि झाकण लावण्याआधी त्याने पेटीचा फोटो ग्रुपवर टाकायचा. मदतनिसांवर सरसकट संशय घेऊ नका आणि पुराव्याशिवाय मजुरी कापू नका. चांगला हात गमावण्याचं नुकसान ट्रिमरपेक्षा मोठं असतं.

इंदूरच्या साइटचे धोक्याचे दिवसही ठरलेले आहेत. होळीच्या आधी भगोरियासाठी (आदिवासींच्या जत्रेसाठी) झाबुआ-अलीराजपूरकडचे मजूर गावी जातात, आणि रंगपंचमीच्या गेरपर्यंत (रंगांच्या मिरवणुकीपर्यंत) कितीतरी साइट ओस असतात. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (चित्ररथांच्या मिरवणुकीच्या) रात्री चौकीदारही जागेवर सापडेल याची खात्री नसते. दिवाळीचे पाच दिवस तर आहेतच. या काळात साइटवर काहीही ठेवू नका, पेटी कितीही भक्कम असली तरी. सलग रिकाम्या दिवसांत चोराला वेळच वेळ असतो.

पेटी. बाजारात मिळणारी घरगुती ट्रंक 22-24 गेजची असते, पहारीने झाकण मिनिटात उचकटतं. फॅब्रिकेटरकडून 16 गेज, म्हणजे 1.6 मिमी पत्र्याची बनवून घ्या, आतून 25×25×3 मिमीचा अँगल. फर्निचरवाल्याला 4×2×2 फूट पुरते. अशी पेटी रिकामी साधारण 55 किलो भरते, एकट्याने उचलून नेता येत नाही. झाकणाची कड चारी बाजूंनी इंचभर खाली उतरलेली हवी, म्हणजे पहार घुसवायला फट राहत नाही. बिजागऱ्या आतून वेल्ड केलेल्या. कोयंड्याला स्क्रू नकोत, वेल्ड. आणि कुलपाभोवती पत्र्याची डबी, जिच्यात फक्त किल्लीचा हात जाईल. कुलपाची कडी उघडी असेल तर बोल्ट कटरचं काम सोपं होतं. कडी किमान 10 मिमी, हार्डन्ड.

दोघं-तिघं मिळून पेटीच उचलतात, म्हणून ती कॉलमला बांधा. 300×600 मिमीच्या कॉलमचा घेर 1.8 मीटर होतो, तेव्हा अडीच मीटर साखळी लागते. 8-10 मिमीची हार्डन्ड घ्या, साधी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) साखळी कटरने तुटते. साखळीची दोन्ही टोकं पेटीच्या मागच्या भोकातून आत घ्या आणि कुलूप आत लावा. झाकण उघडल्याशिवाय त्या कुलपापर्यंत कुणाचा हातच पोचत नाही. जमिनीत अँकर मारायचा असेल तर साइट इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही, खाली कंड्युट (वायरिंगची नळी) किंवा वॉटरप्रूफिंग असतं. आणि सगळ्यात सोपी चूक टाळा: तुमचा ग्राइंडर आणि कटिंग डिस्क पेटीबाहेर राहिली तर तुमच्याच मशीनने तुमची पेटी कापली जाते. जाताना टेम्पररी डीबी (साइटची वीजपेटी) बंद करून तिलाही कुलूप. बॅटऱ्या घरी न्या. मेमध्ये चाळिशीपार उन्हात लोखंडी पेटीत त्या तशाही लवकर खराब होतात.

फ्लॅटच्या दाराच्या कुलपावर विसंबू नका. बिल्डरच्या कुलपाच्या किल्ल्या टाइल्सवाला, प्लंबर, रंगारी सगळ्यांकडे असतात. गाडीत रात्री काही ठेवू नका. स्कूटरची डिकी ही तर तिजोरी नव्हेच.

ब्लूटूथ टॅग महाग केसमध्ये फोमखाली ठेवायला हरकत नाही, सेल साधारण वर्षभर चालतो. पण तो जवळपासच्या फोनांच्या जिवावर चालतो, लोखंडी पेटीत त्याचा सिग्नल दबतो, आणि सोबत अनोळखी टॅग आहे अशी सूचना चोराच्या फोनवरही येऊ शकते. ठिकाण दिसलं तर ते पोलिसांना दाखवा, स्वतः दार ठोठावू नका.

विम्याचं विचारलेलं नाही, पण सांगतो. घरफोडीच्या नेहमीच्या पॉलिसीत जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा लागतात. उघड्या दारातून गेलेलं मशीन त्यात बसत नाही, त्यासाठी साध्या चोरीची जोडणी वेगळी मागावी लागते. फिरत्या हत्यारांसाठी ऑल रिस्क पॉलिसी असते. त्यात मशीनांची यादी सिरियल नंबरासकट द्या आणि साइट व गाडी या दोन्ही जागा धरल्या आहेत का ते लेखी विचारा. दाव्याला एफआयआर लागते आणि चोर न सापडल्यास पुढं ठाण्याचा खात्मा रिपोर्टही (तपास बंद केल्याचा अहवाल), नुसती आवेदनाची पावती चालत नाही.

पुढच्या कामाच्या कोटेशनमध्ये एक ओळ घाला: कुलूपबंद खोली मालक किंवा बिल्डर देईल आणि तिची किल्ली फक्त आमच्याकडे राहील. सामान बिल्डरच्या स्टोअरमध्ये ठेवायचं झालं तर यादीवर स्टोअरकीपरची सही घ्या. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 148 आणि 151 प्रमाणे, माल ताब्यात घेणाऱ्यावर तो स्वतःच्या मालासारखा जपायची जबाबदारी येते. सही नसेल तर तुम्ही तो फक्त तिथे ठेवला होता, सोपवला नव्हता, असं म्हणायला त्यांना जागा मिळते.

काम अडलं आहे, उद्याच मशीन हवं, म्हणून जुनं घ्यायला जाल. तिथे पट्टी खरवडलेली, केस आणि चार्जर नसलेलं, नव्याच्या तिसऱ्या हिश्शात मिळणारं मशीन हाताळूही नका. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. विकणाऱ्याकडून मूळ बिल, ओळखपत्राची प्रत आणि सिरियल नंबर लिहिलेली सहीची पावती घ्या, पैसे यूपीआयने द्या, आणि घरी आणल्यावर त्याच दिवशी एनग्रेव्हर चालवा.